गाठीचा एफएनएसी रिपोर्ट कसा वाचायचा

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या लसिका गाठींत (लिम्फ नोडमध्ये) बारीक सुई घालून पेशी काढतात, ती एफएनएसी. त्या पेशींच्या स्लाइड मी रोज बघते. बहुतेक लोक रिपोर्टची शेवटची ओळ वाचतात आणि विचारतात, “मॅडम, कॅन्सर नाही ना?” त्या ओळीवर किती विसंबायचं, हे वरच्या मजकुरात असतं. म्हणून आधी तो वाचा.

तिथे ‘इनअ‍ॅडिक्वेट’ किंवा ‘नॉन-डायग्नॉस्टिक’ असेल, तर सुईत नुसतं रक्त आलं किंवा पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत. अशा वेळी तपासणी झालीच नाही असं धरा आणि पुन्हा करून घ्या, शक्यतो सोनोग्राफीत गाठ बघत. सुई टोचल्याने गाठ भडकते, या भीतीपोटी टाळू नका. अशा गाठींचे रिपोर्ट गटांत मांडण्याच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सिडनी पद्धतीतही हा पहिला, वेगळा गट आहे: एल१. एल२ म्हणजे साधी गाठ, एल५ म्हणजे कॅन्सर. एल३ आणि एल४ मधले, संशयाचे.

दुसऱ्या अवयवातून गाठीत आलेला कॅन्सर सुई चांगला पकडते. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातला कॅन्सर मानेत उतरला, की त्या पेशी लिम्फोसाइटच्या, म्हणजे गाठीतल्या नेहमीच्या पांढऱ्या पेशींच्या, गर्दीत उठून दिसतात.

टीबीत ग्रॅन्युलोमा (सुजेतल्या पेशींचे पुंजके) दिसले तरी जंतू दिसतीलच असं नाही. त्याच नमुन्याचा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये सीबीनॅटला, म्हणजे टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीला, आणि कल्चरला (जंतू वाढवून बघायला) पाठवायला सांगा. सीबीनॅटमधून रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध लागू पडेल का, तेही कळतं. हे सुई टोचण्याआधीच बोला, कारण फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवायच्या द्रावात) बुडवलेला नमुना कल्चरला चालत नाही.

सुई कमी पडते ती लिम्फोमात, म्हणजे लसिका गाठींच्या स्वतःच्या कॅन्सरमध्ये. पुसलेल्या रांगोळीची चिमूट हातात आली तर रंग कळतात, ठिपके कसे जोडले होते ते कळत नाही. सुईतही पेशी येतात, गाठीतली त्यांची मांडणी येत नाही. सावकाश वाढणाऱ्या फॉलिक्युलर लिम्फोमाच्या पेशी साध्या गाठीसारख्याच दिसू शकतात. हॉजकिन या लिम्फोमाच्या प्रकारात ओळख पटवणाऱ्या रीड-स्टर्नबर्ग पेशी मोजक्याच असतात, सुई त्यांच्या शेजारून निघून जाते.

त्यामुळे ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ (जंतुसंसर्ग किंवा जखमेमुळे सुजलेली साधी गाठ) हा शब्द वाचून फाइल बंद करू नका. पायाच्या जखमेने आलेलं अवधाण जखमेबरोबर उतरतं. पण गाठ चार-सहा आठवड्यांनीही तशीच असेल, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा. ती वाढत असेल, गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळीत असेल, किंवा सोबत ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं असेल, तर इतके दिवसही थांबू नका. अशा वेळी सर्जनला स्पष्ट विचारा: अख्खी गाठ काढून बायोप्सी आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींचा प्रकार ओळखणारी खास रंगांची तपासणी) करायची का? तोवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्टेरॉइडची गोळी घेऊ नका. गाठ तात्पुरती ओसरते आणि लिम्फोमाच्या खुणा पुसट होतात.

बायोप्सीला जाताना एफएनएसीच्या स्लाइड लॅबमधून मागून घ्या. नवीन पॅथॉलॉजिस्टला रिपोर्टच्या कागदापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो.