पद्मपाणीच्या गळ्यातला निळा: अजिंठ्यावरून मोत्यांचा सर

अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात गाभाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व. त्याच्या गळ्यात मोत्यांचा सर आहे आणि मधोमध निळं रत्न. चित्र छापून लॉकेटमध्ये बसवलं तर चेहरा येतो, रंगांचा तोल येत नाही. माळेत आणायचा आहे तो हा तोल. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि चुना यांच्या जोडीला लेण्यांत लाजवर्दाचा (लॅपिस लाझुली या निळ्या दगडाचा) निळा वापरला, तो थेट अफगाणिस्तानातून आलेला. या आकृतीत तो मोजकाच आहे, म्हणूनच नजर त्याच्यावर थांबते.

रंग मोबाइलवर जुळवू नका. जुन्या वार्निशमुळे भिंतीवरची चित्रं पिवळसर झाली आहेत, आणि प्रत्येक फोटोत रंग वेगळा दिसतो. त्यापेक्षा मूळ मातीचे रंग डोळ्यांसमोर ठेवा: गेरूसाठी लाल जॅस्पर दगड, सोनेरी पिवळ्यासाठी पितळ, पांढऱ्यासाठी गोड्या पाण्यातले मोती. निळ्यासाठी खरा लाजवर्दच घ्या. रंगवलेला स्वस्त मणी ओळखायला नेलपेंट रिमूव्हरमध्ये कापूस भिजवून भोकाजवळ घासा. कापूस निळा झाला तर मणी परत करा.

४५ सेंमीच्या माळेसाठी १४ मिमीचा लाजवर्द १, ६ मिमीचे मोती ५६, ६ मिमीचे जॅस्पर ८, २ मिमी जाडीच्या पितळी चकत्या १६, ०.३ मिमीची टायगर टेल वायर (प्लॅस्टिकचा थर असलेली बारीक पोलादी तार) ६५ सेंमी, २ मिमीचे क्रिम्प मणी (दाबून वायर पक्की करायचे धातूचे मणी) २ आणि एक हूक लागेल. ४० सेंमीच्या एका लडीत ६ मिमीचे साधारण ६५ मोती येतात, म्हणजे वेडेवाकडे बाजूला काढूनही पुरतात. लड घेताना वायर दुहेरी करून दोन-तीन मोत्यांतून घालून बघा, कारण मोत्यांची भोकं फार बारीक असतात. जाड वायर घेतली तर शेवटी ती परत फिरवताच येणार नाही.

निळा मणी एकच का, असं वाटेल. समोरून पाहिलं तर १४ मिमीचा मणी ६ मिमीच्या जवळपास साडेपाच मण्यांएवढी जागा व्यापतो. आणखी दोन निळे घातले की मधल्याचा मान गेला.

ताटात टॉवेल पसरून त्यावर आधी सगळी माळ मांडा, मणी घरंगळत नाहीत. मध्ये लाजवर्द. मग दोन्ही बाजूंना चकती, जॅस्पर, चकती, ७ मोती, हा क्रम चार वेळा. एक गट ५२ मिमीचा, म्हणजे एक बाजू २०८ मिमी आणि लाजवर्द धरून ४३ सेंमी. उरलेले दोन सेंमी हूक आणि क्रिम्प भरून काढतात. लाजवर्दाला लागून चकतीच हवी. दगडाच्या भोकाची कड धारदार असते, आणि शेजारी मोती असला तर त्याचा थर खरवडला जातो.

ओवून झाल्यावर एका टोकाला क्रिम्प, मग हुकाची कडी घाला. वायर उलटी फिरवून क्रिम्पमधून आणि पुढच्या तीन मोत्यांतून न्या, मगच क्रिम्प दाबा. साध्या पकडीने चपटा केला तर त्याच्या कडेवर वायर हळूहळू कापली जाते. क्रिम्पिंग पकडीत आधी आतल्या खाचेत दाबून मग बाहेरच्या खाचेत गोल करा. दुसरं टोक बंद करण्यापूर्वी माळ उभी धरा आणि २ मिमी ढील ठेवा. गच्च ओढलेली माळ गळ्यावर वळत नाही, काठीसारखी ताठ उभी राहते, आणि वायरला पडलेला मोड नंतर जात नाही.

अत्तर आणि लिंबू यांच्यापासून माळ लांब ठेवा. मोती आणि लाजवर्द दोन्हींत आम्लाने विरघळणारा चुनखडीचा अंश असतो. घामाने पितळ हिरवं पडतं, म्हणून काढल्यावर मऊ सुती कापडाने पुसून ठेवा.