पॉलिइथिलीन जेलची फिल्म ओढताना तुटते? माझा अनुभव

लक्षण: अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनची वाळलेली जेल-फिल्म (गरम द्रावण गार करून झालेलं जेल वाळवून केलेली पातळ पट्टी) गरम करून ओढली की जेमतेम दहापट लांबते, पांढरी पडते, तुटते. तापमान वाढवलं, वेग कमी केला; फरक शून्य. डोकं फिरायची वेळ आली.

दुखणं द्रावणातच होतं. द्रावणात ५ टक्के पॉलिइथिलीन असलं की त्याच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्यांचा गुंता फार होतो. जमलं ते असं: डेकॅलिनमध्ये (हे विद्रावक) १ टक्का पॉलिइथिलीनची पावडर आणि चिमूटभर बीएचटी (ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन) गारच असताना नीट मिसळून, नायट्रोजनखाली ढवळत १५० अंशांपर्यंत. द्रावण ढवळायच्या दांड्यावर चढू लागलं की ढवळणं लगेच बंद (हे महत्त्वाचं, नाहीतर गोळा दांड्यालाच गुंडाळतो) आणि तासभर तसंच. ट्रेमध्ये ओतून गार केलं. फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणारं कपाट) चारही कडा चिमट्यांत धरून वाळवलं. मग १२० अंशांना सावकाश ओढलं, उरलेलं १३० ला.

आता पन्नासपटीच्या पुढे जाते. पट्टी उभी (ओढीच्या दिशेने) नखानेही चिरते, आडवी हाताने तुटत नाही.