बाळंतपणानंतर अंग खाली येतंय? या चुका टाळा

सकाळी बरं असतं. संध्याकाळी खाली जड होतं, बसताना गोळ्यासारखं काहीतरी लागतं. बायका याला 'अंग बाहेर येणं' म्हणतात. दर वेळी ती गर्भाशयाची पिशवीच असते असं नाही. मूत्राशय किंवा गुदाशयही योनीमार्गाची भिंत पुढे ढकलत उतरतं.

सगळ्यात घातक चूक ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायच्या व्यायामातच होते: आवळायच्या ऐवजी कुंथणं. मग जितका व्यायाम जास्त, तितका खाली दाब. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा आणि हातआरशात बघा. आवळल्यावर योनी आणि गुदद्वार यांमधली जागा आत-वर ओढली गेली पाहिजे. फुगून बाहेर आली तर उलटं चाललंय. वायू आणि लघवी एकदम अडवल्यासारखं आवळा. श्वास चालू, मांड्या-कुल्ले ढिले. सुरुवातीला तीन-चार सेकंद, हळूहळू दहा. एका वेळी आठ-दहा आवळण्या, दिवसातून तीनदा. दोन आवळण्यांच्या मध्ये तेवढाच वेळ पूर्ण ढिलं सोडा (हे बहुतेकजणी गाळतात). लघवीची धार मध्येच तोडून सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. फरक दिसायला तीन-चार महिने लागतात.

पोट सुटू नये म्हणून करकचून बांधलेला पट्टा दाब खालीच ढकलतो. डिंकाचे लाडू, लोहाच्या गोळ्या आणि वर 'बाळंतिणीला पाणी कमी' हा जुना हट्ट, मग शौचाला जोर करावाच लागतो. पाणी प्या, कमोडवर पाय स्टुलावर ठेवा. खोकला-शिंक येण्याच्या क्षणभर आधी आवळा. बाळाला उचलताना श्वास रोखू नका, सोडा.

टाके भरले म्हणजे आतलं सगळं जुळलं, हाही गैरसमज. चिमटा लावून बाळंतपण झालं असेल तर आतला लिव्हेटर स्नायू (ओटीपोटातले अवयव खालून धरून ठेवणारा) हाडापासून सुटलेला असण्याची शक्यता जास्त. व्यायामाने तो परत चिकटत नाही, उरलेला बळकट होतो. म्हणूनच 'पिशवी काढून टाका' हा घाईचा सल्ला: आधार तसाच कमकुवत राहिला तर योनीचा वरचा भाग पुढे उतरू शकतो.

शस्त्रक्रियेआधी रिंग पेसरीबद्दल (उतरलेला भाग वर धरायला योनीत बसवायची कडी) विचारा. ती मापानेच बसवतात. बसवल्यावर चाला, खोका, लघवी करून बघा, मगच घरी जा. निसटली किंवा टोचली तर माप चुकलंय. लघवी अडली किंवा रक्त गेलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.