इंग्लंडमध्ये मुलासाठी स्पेशल स्कूल शोधताना

पुण्या-मुंबईहून येणारे पालक बहुतेक वेळा घर घेण्याआधीच विचारतात, "ऑटिझम असलेल्या मुलासाठी चांगली शाळा कुठल्या भागात आहे? तिथेच घर बघतो." साध्या शाळेसाठी ही रीत ठीक आहे, स्पेशल स्कूलसाठी नाही. इंग्लंडमध्ये (वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत) स्पेशल स्कूलमध्ये जायला साधारणपणे ईएचसी प्लॅन (एज्युकेशन, हेल्थ अँड केअर प्लॅन, म्हणजे मुलाच्या गरजा आणि त्यासाठीची मदत नोंदवणारा कायदेशीर दस्तऐवज) लागतो. २०१४ च्या कायद्याखाली कौन्सिल (तुमच्या भागातली स्थानिक सरकारी संस्था) तो तयार करते आणि शाळेचं नाव त्यातच लिहिलेलं असतं. ओळख काढून किंवा मुख्याध्यापकांना भेटून इथे प्रवेश होत नाही.

प्लॅनसाठी शाळेनेच अर्ज करावा लागतो, असं काही जण सांगतील. ते खरं नाही. तुम्ही स्वतः कौन्सिलला पत्र लिहून मुलाचं मूल्यमापन मागू शकता. मूल अजून शाळेत जात नसलं तरी चालतं. निदानाचीही अट नाही, त्यामुळे एनएचएसच्या (सरकारी आरोग्य सेवेच्या) रांगेत नंबर लागेपर्यंत थांबू नका. मूल्यमापन करणार की नाही हे कौन्सिलने ६ आठवड्यांत कळवायचं आणि अंतिम प्लॅन २० आठवड्यांत द्यायचा, असा नियम आहे. उशीर पुष्कळदा होतो, म्हणून आल्या आल्या पत्र टाका. भारतातले स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि शाळेचे रिपोर्ट सोबत जोडा. मराठीत असतील तर इंग्रजी करून घ्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. प्लॅनचा मसुदा आला की त्यावर मत द्यायला तुम्हाला किमान १५ दिवस मिळतात. ते सगळे सेक्शन एफवर घालवा, म्हणजे मुलाला कुठली मदत मिळेल हे लिहिलेल्या भागावर. "गरजेनुसार मदत", "नियमित स्पीच थेरपी" अशी वाक्यं दिसली तर मान्य करू नका. आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, कोण देणार, एकट्याला की गटात, हे लिहून मागा. एफमध्ये जे लिहिलंय ते पुरवणं कौन्सिलला कायद्याने बंधनकारक असतं, मोघम लिहिलेलं मात्र मागून मिळवता येत नाही. शाळेचं नाव सेक्शन आयमध्ये येतं, मसुद्यात ती जागा रिकामी असते. तिथे कुठली शाळा हवी हे तुम्ही सांगायचं. एफ भक्कम असेल तर ते नाकारणं कौन्सिलला जड जातं.

शाळा बघायला जाण्याआधी ऑफस्टेडचा (शाळांची तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेचा) अहवाल वाचा, पण निर्णय डोळ्यांनी बघून करा. जेवणाच्या सुट्टीत जाता आलं तर उत्तम. न बोलणारं मूल "नको" कसं सांगतं आणि मोठी माणसं ते ऐकतात का, हे बघा. थेरपिस्ट शाळेतच असतो की कधीतरी येतो, ते विचारा. तुमच्या मुलाच्या वर्गात कोण असतील, हेही विचारा. चांगलं बोलणाऱ्या, अभ्यासात गती असलेल्या मुलाला गंभीर बौद्धिक अक्षमतेसाठी असलेली शाळा जाचक होऊ शकते. त्याच्यासाठी साध्या शाळेला जोडलेलं युनिट जास्त बरं पडेल.

एक खाच लक्षात ठेवा. कौन्सिलच्या मते जवळची शाळा योग्य असेल आणि तुम्ही लांबची मागितलीत, तर "ने-आण पालकांनी करायची" या अटीवर ती दिली जाऊ शकते. रोजचा प्रवास झेपेल का, ते आधी ठरवा.

व्हिसाची भीती अनेकांना असते. सरकारी शाळा आणि ईएचसी प्लॅन पब्लिक फंड्समध्ये (अनेक व्हिसांवर मनाई असलेल्या सरकारी भत्त्यांमध्ये) मोडत नाहीत, निर्धास्तपणे मागा. डीएलए (डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स) हा अपंग मुलांसाठीचा भत्ता मात्र मोडतो. व्हिसावर पब्लिक फंड्सची मनाई असेल तर सल्ला घेतल्याशिवाय त्याचा अर्ज करू नका.

आणि घरी मराठी बोलणं थांबवू नका. दोन भाषांमुळे मूल गोंधळतं, हा सल्ला अजूनही कानावर येतो. त्याला आधार नाही. आजी-आजोबांशी मूल ज्या भाषेत जवळीक साधतं, ती तोडू नका.

कौन्सिलने नकार दिला तर खचू नका. ट्रायब्युनलकडे (कौन्सिलच्या अशा निर्णयांवरची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अपील करायला पत्राच्या तारखेपासून साधारण दोन महिने असतात आणि त्यासाठी फी नाही. बहुतेक अपिलांत आधी मध्यस्थीच्या सल्लागाराशी बोलून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. वकील करण्याआधी इप्सी ही धर्मादाय संस्था आणि तुमच्या भागातली सेंडियास (विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांना माहिती आणि सल्ला देणारी) सेवा यांना फोन करा. दोन्हीकडे सल्ला मोफत मिळतो.