खोड समजून घेताना या चुका टाळा

‘जमिनीवर असते ते खोड, जमिनीखाली असते ते मूळ.’ हे वाक्य एकदा पाठ झाले की बटाट्यापासून केळीपर्यंत सगळीकडे घोटाळा होतो. खोड जागेवरून ओळखू नका, पेरांवरून ओळखा. पान फुटते ते पेर, दोन पेरांमधले कांडे, आणि पानाच्या बगलेत मुकुल, म्हणजे नवा कोंब फुटणारी कळी. मुळाला पेरे नसतात.

बटाट्याचा डोळा एकदा निरखून पाहाच. डोळ्यालगत भुवईसारखा बारीक वण दिसतो. तिथे खवल्यासारखे पान होते, आणि डोळा म्हणजे त्याच्या बगलेतली मुकुले. हे डोळे मळसूत्री मांडणीत असतात आणि एका टोकाकडे दाट होत जातात. म्हणून बटाटा हे खोड. मग रताळ्यालाही कोंब फुटतात, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. पण ते कोंब कुठूनही फुटतात, त्यांच्याजवळ पानाचा वण नसतो. रताळे मूळच. ‘उजेडात हिरवा पडतो म्हणून बटाटा खोड’ हे कारणही देऊ नका. उघड्यावर आलेला गाजराचा माथाही हिरवा पडतो.

कांद्यात खोड म्हणजे फक्त तळाची चकती, बाकी सगळी पाने. केळीचा उभा ‘बुंधा’ म्हणजे एकमेकांत गुंडाळलेले पानांचे तळ. खरे खोड जमिनीत असते आणि फुलोऱ्याचा दांडा तेवढा आतून वर येतो.

दुसरी चूक वहनाची. जलवाहिन्या पाणी वर नेतात हे बरोबर, पण रसवाहिन्या अन्न फक्त खाली नेतात हे चूक. अन्न जिथे तयार होते किंवा साठलेले असते तिथून जिथे लागते तिथे जाते. बटाट्याला कोंब फुटतात तेव्हा ते वरच चढते. रोपाला आधाराची तार करकचून बांधू नका, तेही याच कारणाने. खोड जाड होऊ लागले की तार सालीत रुतते, सालीतल्या रसवाहिन्या दाबल्या जातात, तारेच्या वरचा भाग फुगतो आणि मुळे उपाशी राहतात.

कापलेले खोड रंगीत पाण्यात ठेवून पाणी कसे चढते ते पाहण्याच्या प्रयोगात रंग चढत नसेल तर बहुधा खोड हवेत कापलेले असते. हवा जलवाहिन्यांत शिरली की पाण्याचा धागा तुटतो. पाण्याखाली पुन्हा तिरपा काप घ्या, पाने ठेवा आणि हवेशीर उजेडात ठेवा. पाने काढली तर बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांतून पाण्याची वाफ बाहेर जाणे, मंदावते आणि पाणी ओढले जात नाही. मग आडवा छेद घ्या. कोवळ्या द्विदल (बीत दोन दले असलेल्या) वनस्पतीच्या खोडात रंगाचे ठिपके बहुधा कड्यासारखे दिसतात. ते सगळीकडे विखुरलेले दिसले तर प्रयोग फसला असे समजू नका. हातात मक्यासारख्या एकदल (बीत एकच दल असलेल्या) वनस्पतीचे खोड आहे का ते आधी तपासा.