मोठी स्क्रीन, टिकणारी बॅटरी आणि मर्यादित बजेट : फोन कसा निवडावा

कमी किमतीत मोठी स्क्रीन आणि मोठी बॅटरी देणारे फोन आता भरपूर मिळतात. मात्र या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात काम करतात, हे खरेदीच्या वेळी सहसा लक्षात येत नाही. फोनमधली सर्वांत जास्त वीज बहुतेक वेळा स्क्रीनच खाते, आणि स्क्रीन जितकी मोठी तितका उजळवायचा भाग मोठा. त्यामुळे केवळ बॅटरीचा आकडा पाहून घेतलेला फोन संध्याकाळपर्यंत मान टाकतो आणि त्याहून लहान बॅटरीचा, पण नीट जुळणी केलेला फोन रात्रीपर्यंत चालतो, असे अनेकदा घडते. बॅटरीत किती वीज साठते हे बॉक्सवर छापलेले असते. दर तासाला किती खर्च होते हे मात्र आपल्यालाच शोधावे लागते.

स्क्रीनचा आकडा कसा वाचावा

स्क्रीनचे माप इंचात आणि तेही तिरपे, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दिलेले असते. या मापातून स्क्रीन किती रुंद आहे हे कळत नाही, आणि वाचणाऱ्याला खरी गरज रुंदीचीच असते. काही वर्षांपूर्वीचे ५.५ इंची फोन १६:९ या उंची-रुंदीच्या प्रमाणातले होते आणि त्यांच्या स्क्रीनची रुंदी सुमारे ६८.५ मिलिमीटर होती. आजच्या २०:९ प्रमाणातल्या ६.७ इंची फोनच्या स्क्रीनची रुंदी भरते सुमारे ७० मिलिमीटर. म्हणजे सव्वा इंच वाढला तरी रुंदीत भर पडली ती जेमतेम दीड मिलिमीटरची. बाकी सगळी वाढ उंचीत गेली. याउलट २०१८ साली आलेल्या शाओमीच्या मी मॅक्स ३ या फोनची ६.९ इंची स्क्रीन १८:९ प्रमाणातली असल्यामुळे तब्बल ७८ मिलिमीटर रुंद होती. तेवढ्याच ६.९ इंचांची २०:९ स्क्रीन ७२ मिलिमीटरच्या आसपास थांबते. अक्षरे मोठी दिसावीत म्हणून जुना फोन बदलणार असाल, तर दोन्ही फोनच्या स्क्रीनची रुंदी पट्टीने मोजा. इंचांच्या जाहिरातीपेक्षा ही पट्टी जास्त खरे सांगते.

त्यानंतर पाहायचे ते रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवर चित्राचे बारीक ठिपके (पिक्सेल) किती आहेत ते. स्वस्त मोठ्या फोनमध्ये बहुधा १६०० बाय ७२० पिक्सेलची एचडी प्लस स्क्रीन असते, थोडे जास्त पैसे मोजल्यास २४०० बाय १०८० ची फुल एचडी प्लस मिळते. ६.७ इंचांवर पहिलीत दर इंचाला सुमारे २६२ पिक्सेल पडतात, दुसरीत सुमारे ३९३. एचडी प्लस स्क्रीनवर एकूण साडेअकरा लाख पिक्सेल असतात आणि फुल एचडी प्लसवर जवळपास सव्वीस लाख. कमी पिक्सेल रंगवायचे असल्यामुळे पहिलीत प्रोसेसरचे काम हलके होते आणि थोडी वीज वाचते. व्हिडिओ पाहणे, फोनवर बोलणे, नकाशा बघणे एवढाच वापर असेल तर एचडी प्लस घ्यायला काहीच हरकत नाही. मात्र रोज तास-दोन तास मराठी वाचन होणार असेल, तर माझे मत फुल एचडी प्लसकडेच झुकते. रोमन लिपीपेक्षा देवनागरीला बारीक पिक्सेलची गरज जास्त लागते, कारण एकाच अक्षराच्या वर रफार किंवा मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर अशी दाटी होते. फोन हातात आल्यावर त्यावर ‘वैशिष्ट्य’, ‘उद्ध्वस्त’, ‘कुऱ्हाड’ हे शब्द लिहा, अक्षरांचा आकार सर्वांत लहान करा आणि नेहमीच्या अंतरावरून वाचा. ‘ष्ट्य’मधला ट वेगळा दिसतो का आणि ‘द्ध्व’चा नुसता काळा ठिपका तर होत नाही ना, हे पाहिले की रिझोल्यूशनचा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटतो.

स्क्रीन एलसीडी आहे की ओएलईडी, याचा बॅटरीशी थेट संबंध आहे. एलसीडीच्या मागे सतत पेटणारा दिवा असतो, त्यामुळे चित्र काळे असो वा पांढरे, वीज जवळपास तेवढीच लागते. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळ्या जागेतला पिक्सेल बंद राहतो. म्हणूनच डार्क मोडमुळे, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर फिकी अक्षरे ठेवल्यामुळे, बॅटरी वाचते हे ओएलईडीपुरते खरे आहे. एलसीडीवर डार्क मोड लावल्याने डोळ्यांना बरे वाटेल, पण बॅटरीत लक्षणीय फरक पडणार नाही. काही ओएलईडी स्क्रीन कमी ब्राइटनेसवर अतिशय वेगाने लुकलुकतात आणि काही जणांचे डोके त्यामुळे दुखते. ज्यांना हा त्रास आहे, त्यांनी ब्राइटनेस अगदी कमी करून दहा मिनिटे वाचून पाहिल्याशिवाय असा फोन घेऊ नये.

ब्राइटनेस निट्समध्ये मोजतात. जाहिरातीतला ‘पीक’ आकडा अनेकदा स्क्रीनच्या लहानशा भागापुरता आणि थोड्या वेळापुरता असतो, म्हणून सर्वसाधारण कमाल ब्राइटनेस किती आहे ते शोधावे. सावलीत वापर असेल तर चारशे-साडेचारशे निट्स पुरतात, उन्हात काम करणाऱ्याने मात्र त्याहून बरेच जास्त पाहावेत. रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीनवरचे चित्र सेकंदाला जितक्या वेळा नव्याने रंगवले जाते तो आकडा, ९० किंवा १२० हर्ट्झ असला की स्क्रोलिंग गुळगुळीत होते, पण वीजही जास्त जाते. सेटिंगमध्ये ६० हर्ट्झचा पर्याय आहे याची खात्री करून घेतली म्हणजे पुरे.

बॅटरी : आकडा, वजन आणि हात

बॅटरीची क्षमता मिलिअँपिअर-अवर, म्हणजे एमएएचमध्ये सांगतात. तपशीलपत्रिकेत ‘टिपिकल’ आणि ‘रेटेड’ असे दोन आकडे दिसले तर दुसरा थोडा लहान असतो आणि हमीचा तोच. खरी साठवलेली ऊर्जा वॅट-अवरमध्ये मोजावी लागते. ५००० एमएएचची बॅटरी साधारण ३.८७ व्होल्टने गुणली की १९ वॅट-अवरपेक्षा थोडी जास्त भरते. फोन-फोनची तुलना करताना एमएएच चालते, कारण व्होल्टेज जवळपास सारखेच असते. पॉवर बँकेच्या बाबतीत मात्र तोच आकडा फसवतो : व्होल्टेज बदलताना आणि चार्जिंगमध्ये ऊर्जा वाया जात असल्यामुळे १०,००० एमएएचची पॉवर बँक ५००० एमएएचचा फोन दोनदा भरत नाही, दीड वेळेच्या आसपासच भरते.

आज या गटात ५००० एमएएच ही नेहमीची क्षमता आहे, ६००० पर्यंतचे फोनही सहज मिळतात. ७००० एमएएच देणारे फोन पूर्वीही होते. सॅमसंगचा २०२० मधला गॅलेक्सी एम ५१ त्यांपैकी एक, आणि त्याचे वजन २१३ ग्रॅम होते. अलीकडे सिलिकॉन-कार्बन प्रकारच्या बॅटऱ्यांमुळे तेवढ्याच जागेत जास्त ऊर्जा बसू लागली आहे आणि हे तंत्र हळूहळू स्वस्त फोनपर्यंत उतरत आहे. एरवी क्षमता वाढली की वजन वाढणारच.

या वजनाकडे मी स्वतः एकदा दुर्लक्ष केले. आईला वारंवार चार्जिंग करावे लागू नये म्हणून मी तिच्यासाठी ७००० एमएएचचा मोठा फोन घेतला. बॅटरी खरोखरच दोन दिवस टिकत होती. पण संध्याकाळी ती वाचायला बसली की दहा-पंधरा मिनिटांत तिची करंगळी फोनच्या खालच्या कडेखाली दुखू लागे, मग ती फोन मांडीवरच्या उशीला टेकवून मान खाली घालून वाचत असे. मानेचे दुखणे सुरू झाल्यावर माझ्या लक्षात आले की कव्हरसह तो फोन अडीचशे ग्रॅमच्या जवळ गेला होता. तेव्हापासून कुणासाठीही फोन पाहताना मी एकच चाचणी आवर्जून करायला सांगतो : ज्याला वापरायचा आहे त्याने तो कव्हरसह एका हातात धरावा आणि उभ्याने दहा मिनिटे काहीतरी वाचावे. वयस्क माणसासाठी २०० ग्रॅमच्या आतला ५००० एमएएचचा फोन अधिक वजनाच्या ७००० एमएएचच्या फोनपेक्षा सोयीचा ठरतो, असे मला ठामपणे वाटते.

वीज खाणारा दुसरा : प्रोसेसर

दोन फोनची बॅटरी आणि स्क्रीन सारखी असूनही एक दुसऱ्यापेक्षा तास-दोन तास जास्त चालतो, त्याचे कारण बहुधा प्रोसेसरमध्ये असते. प्रोसेसर किती नॅनोमीटरच्या प्रक्रियेवर बनला आहे हे तपशीलपत्रिकेत मिळते. हा आकडा आता प्रत्यक्ष मापापेक्षा पिढीचे नाव म्हणूनच वापरला जातो, तरीही ढोबळ तुलनेला तो उपयोगी आहे : आकडा जितका लहान, तितकी त्याच कामाला वीज सहसा कमी लागते. मीडियाटेकचा हेलिओ जी ८५ हा १२ नॅनोमीटरचा, तर हेलिओ जी ९९ आणि क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन ६८० हे ६ नॅनोमीटरचे. स्नॅपड्रॅगन ४ जेन २ हा ४ नॅनोमीटरचा आहे. नवा फोन म्हणजे नवा प्रोसेसर, असे समजू नये. हेलिओ जी ८५ आला २०२० मध्ये, आणि २०२३ च्या अखेरीस आलेल्या रेडमी १३ सी मध्येही तोच होता. एकाच किमतीत १२ नॅनोमीटर आणि ६००० एमएएच, किंवा ६ नॅनोमीटर आणि ५००० एमएएच, असा पर्याय समोर आला तर मी दुसरा निवडेन. तो सहसा कमी तापतो, आणि उष्णता हीच लिथियम बॅटरीचे आयुष्य सर्वांत लवकर घटवते.

नेटवर्कचाही विचार करावा. सिग्नल क्षीण असला की टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन जास्त शक्तीने प्रक्षेपण करतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. जिथे फाइव्ह-जीचा सिग्नल येतो-जातो, तिथे सेटिंगमधून फोर-जी कायम ठेवल्यास फरक लगेच जाणवतो.

कॅमेऱ्यांची संख्या, पाठीवरची चमक आणि स्टोरेजमधून उसनी घेतलेली ‘व्हर्च्युअल रॅम’ या गोष्टींसाठी या बजेटमध्ये जास्तीचे पैसे देऊ नयेत. खरी रॅम मात्र शक्यतो ६ जीबी घ्यावी, कारण अपुऱ्या रॅममुळे अॅप पुन्हा पुन्हा पहिल्यापासून उघडावी लागतात आणि त्यातही वीज जाते. सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार हेही विचारून ठेवावे. बॅटरी चार वर्षे टिकली आणि अपडेट दोनच वर्षांत थांबले, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करणे जोखमीचे होते.

‘दोन दिवस चालते’ या दाव्यामागे कोणता वापर धरला आहे हे क्वचितच सांगितलेले असते. त्याऐवजी एक विश्वसनीय आधार आता उपलब्ध आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या फोनवर ऊर्जा-लेबल बंधनकारक झाले आहे. त्यावर एका चार्जमध्ये फोन किती तास आणि मिनिटे चालतो, आणि किती चार्जिंग चक्रांनंतर (एक चक्र म्हणजे एकदा पूर्ण वापरून पुन्हा भरणे) बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर येते, हे छापलेले असते. किमान ८०० चक्रांची अट तिथे आहे. ही माहिती इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. आपल्याला हवे ते मॉडेल तिथे विकले जात असेल तर एमएएचऐवजी या तासांची तुलना करावी, मात्र दोन्हीकडची बॅटरी तीच आहे ना हे आधी पाहावे.

चार्जिंगबाबत थोडक्यात सांगायचे तर ५००० एमएएचची बॅटरी १० वॅटच्या चार्जरने भरायला अडीच ते तीन तास लागतात, आणि ३३ वॅटने तासाभरापेक्षा थोडे जास्त. रात्री फोन लावून ठेवणाऱ्याला १० वॅटही चालतात. बॉक्समध्ये चार्जर येतो का हे तपासा, कारण तो वेगळा घ्यावा लागला तर किमतीचे गणित बदलते.

पहिला आठवडा

नवा फोन पहिले दोन-तीन दिवस जुने फोटो उतरवणे आणि अॅप अपडेट करणे यांत गुंतलेला असतो, त्यामुळे त्या दिवसांतल्या बॅटरीवरून मत बनवू नये. चौथ्या दिवशी मोजमाप करा. ब्राइटनेस आपोआप बदलण्याची सोय बंद करून तो निम्म्यावर ठेवा, विमान मोड लावा आणि फोनमध्येच साठवलेला व्हिडिओ एक तास चालवा. बॅटरी ७ टक्क्यांनी उतरली तर सलग सुमारे चौदा तास, आणि १० टक्क्यांनी उतरली तर दहा तास, असा हिशोब मांडता येतो. रात्री झोपताना विमान मोड काढून टक्केवारी लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा. माझ्या सध्याच्या फोनवर रात्री अकराला ८४ आणि सकाळी सहाला ८१ असा आकडा असतो. रात्रभरात १० टक्क्यांहून जास्त उतरत असेल तर सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर कोणते अॅप वीज खाते आहे ते दिसते. त्याचे पार्श्वभूमीतले काम बंद करून दुसऱ्या रात्री पुन्हा मोजा.

काही फोन बॅटरी टिकवण्यासाठी पार्श्वभूमीतली अॅप इतकी कठोरपणे बंद करतात की संदेश तासाभराने येतात किंवा औषधाची आठवण वाजतच नाही. म्हणून त्याच पानावर निरोपाच्या आणि गजराच्या अॅपला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ ही परवानगी द्या आणि एक दिवस ती वेळेवर चालतात का ते पाहा. ही सगळी मोजमापे फोन परत करण्याची मुदत संपण्याआधी उरकायची आहेत, तेव्हा बॉक्स आणि पावती तोवर जपून ठेवा.