झोटेरोच्या वाचनयाद्या एजंटला देणारं टूल: डॉक्युमेंटेशन कसं लिहावं

झोटेरो म्हणजे पुस्तकांच्या आणि लेखांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर. त्यातल्या वाचनयाद्या एआय एजंटला वाचता याव्यात म्हणून एमसीपी सर्व्हर (एजंटला बाहेरची टूल्स जोडून देणारा प्रोग्रॅम) लिहिणं फारसं अवघड नाही. डॉक्युमेंटेशन मात्र बरेच जण रीडमी फाइलवर (प्रोग्रॅमसोबत माणसांसाठी दिलेल्या माहितीवर) भागवतात आणि तिथेच घोळ होतो. एजंट सहसा रीडमी उघडत नाही. त्याच्यापुढे टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (टूलला कोणती माहिती कशा रूपात द्यायची याचा आराखडा) एवढंच येतं. तेव्हा आधी वर्णन लिहा, रीडमी नंतर.

‘वाचनयादी आणते’ एवढ्यावर थांबलात, तर एजंट एखादं सुटं पुस्तक शोधायलाही हेच टूल वापरेल. त्यापेक्षा असं लिहा (कलेक्शन म्हणजे झोटेरोतला फोल्डर, इथे आपली वाचनयादी; की म्हणजे त्याचा संकेतांक):

‘झोटेरोच्या एका कलेक्शनमधली पुस्तकं आणि लेख देते. कलेक्शनची आठ अक्षरी की लागते. नाव चालत नाही. की माहीत नसेल तर आधी कलेक्शन्सची यादी देणारं टूल चालवा. उपकलेक्शनमधल्या नोंदी यात येत नाहीत. एका वेळी जास्तीत जास्त 100 नोंदी मिळतात. एकूण आकडा उत्तरात असतो. रिकामी यादी आली तर कलेक्शनमध्ये नोंदी नाहीत असं समजा.’

यातलं प्रत्येक वाक्य कुठली ना कुठली गफलत टाळण्यासाठी आहे. मागणीत नोंदींची मर्यादा सांगितली नाही तर झोटेरोचा एपीआय (इतर प्रोग्रॅमना माहिती देणारी सोय) 25 नोंदी देऊन थांबतो. यादी 60 पुस्तकांची असली तरी एजंट 25 पुस्तकं वाचून दाखवतो आणि ‘ही संपूर्ण यादी’ म्हणून मोकळा होतो. एकूण आकडा एपीआयच्या हेडरमध्ये (उत्तरासोबत येणाऱ्या तांत्रिक माहितीत) येतो, पण एजंटला हेडर दिसत नाही. म्हणून तो टूलच्या उत्तरातच घाला: एकूण 60, दाखवल्या 25, पुढची सुरुवात 25 पासून (मोजणी शून्यापासून होते). दुसरी खोच जोडफायलींची. कलेक्शनच्या सगळ्या नोंदी मागवल्या की पीडीएफ आणि टिपणंही वेगळ्या नोंदी म्हणून येतात आणि मोजणी फुगते. फक्त वरच्या पातळीच्या नोंदी मागवायची सोय एपीआयमध्ये आहे. ती वापरा, आणि वापरली आहे हे वर्णनात नमूद करा.

स्कीमात प्रत्येक पॅरामीटरला (टूलला द्यायच्या प्रत्येक माहितीला) स्वतःचं एक ओळीचं वर्णन द्या. किमान 1, कमाल 100 ही मर्यादा वाक्यात असली तरी स्कीमातही घालाच. एपीआय की (झोटेरोच्या खात्यातलं वाचू देणारा गुप्त संकेत) मात्र पॅरामीटर करू नका, नाहीतर ती संभाषणात उघडी पडते. ती एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्येच (कोडबाहेर, संगणकाच्या सेटिंगमध्ये ठेवलेल्या किमतीत) बरी.

सर्वात दुर्लक्षित भाग म्हणजे चुकांचे संदेश. तेही डॉक्युमेंटेशनच आहे, कारण अडल्यावर एजंट तेवढंच वाचतो. नुसतं ‘404’ (सापडलं नाही, या अर्थाचा एपीआयचा कोड) पाठवून काही साधत नाही. ‘या कीचं कलेक्शन सापडलं नाही. कलेक्शन्सची यादी पुन्हा मागवा’ असं लिहा. 403 आला तर एपीआय कीला परवानगी नाही, पुन्हा प्रयत्न न करता वापरकर्त्याला सांगा. 429 (फार भराभर मागण्या केल्या) आला तर हेडरमध्ये दिलेले सेकंद थांबा. हे संदेश एमसीपीच्या नियमाप्रमाणे टूलच्या उत्तरातच, ‘ही चूक आहे’ अशी खूण लावून, पाठवा. बिघाड झाल्यावर रिकामी यादी तर कधीच पाठवू नका. एजंट ‘यादीत काही नाही’ असं ठामपणे सांगेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे आठवणीतली पुस्तकं यादीत घुसडेल.

मराठी पुस्तकं असतील तर आणखी एक गोष्ट लिहावीच लागते. बाहेरच्या कॅटलॉगमधून आयात केलेल्या नोंदींमध्ये मराठी शीर्षकं पुष्कळदा रोमन लिपीत असतात. ‘शोध दोन्ही लिप्यांत करून पाहा’ हे वर्णनात हवंच. शिवाय ‘दऱ्या’मधला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या संकेतपद्धतीत) एकापेक्षा जास्त प्रकारांनी टाइप होतो. एनएफसी (असे प्रकार एकाच रूपात आणायची युनिकोडची पद्धत) केल्यावर एकसंध ‘ऱ’ आणि नुक्तावाला ‘र’ जुळतात. झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) घालून टाइप केलेला मात्र वेगळाच राहतो. शीर्षकांतून शोधून निवड तुमच्या कोडमध्ये करत असाल तर हा प्रकार स्वतः बदलून घ्या.

रीडमीत माणसाला लागेल तेवढंच ठेवा. झोटेरोचा यूजर आयडी म्हणजे लॉगिनचं नाव नव्हे, तो आकडा असतो आणि सेटिंग्जमध्ये एपीआय कीच्या भागात दिसतो. की फक्त वाचनाची घ्या. ग्रुप लायब्ररीची परवानगी वेगळी द्यावी लागते. सर्व्हर स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवर (त्याच संगणकावरच्या प्रोग्रॅमशी थेट मजकूर देवाणघेवाण करत) चालत असेल तर लॉग, म्हणजे कामाच्या नोंदी, स्टँडर्ड एरर या वेगळ्या वाटेने पाठवा. आउटपुटवर एखादी प्रिंटची ओळ राहून गेली तरी जोडणी तुटू शकते.

आता नव्या संभाषणात एजंटला तीन प्रश्न विचारा: 25 हून जास्त नोंदींची यादी, अस्तित्वात नसलेली यादी, आणि फक्त नावाने सांगितलेली यादी. कोणतं टूल कोणत्या पॅरामीटरनिशी चालवलं ते पाहा. चुकलं तर कोडला हात लावण्याआधी वर्णनाची वाक्यं बदलून पाहा. वर्णनातला एक शब्द बदलला तरी हेच तीन प्रश्न पुन्हा विचारा आणि बदल चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) नोंदवा.